पाणी रोज सतरा सेंटिमीटर उतरतं तेव्हा: धरणावरच्या एका रोइंग स्पर्धेचं प्रकरण

पार्श्वभूमी

उत्तर महाराष्ट्रातल्या एका धरणाच्या जलाशयावर मे महिन्याच्या अखेरीस, शुक्रवार ते रविवार, राज्य पातळीवरची रोइंग स्पर्धा ठेवली होती. ज्युनिअर आणि खुला गट मिळून १२ प्रकार, अंतर २००० मीटर, लेन ६. धरणाचं, आयोजक संस्थेचं आणि माणसांचं नाव इथे मुद्दामच दिलेलं नाही.

महाराष्ट्रात रोइंग म्हटलं की पुणं आठवतं: सीओईपीचा, म्हणजे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, बोट क्लब; दापोडीच्या सीएमईमधलं, म्हणजे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयातलं, लष्कराचं केंद्र. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कलमध्ये, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी चालवायच्या बोटीत, तेरावा आला, पण वल्हं त्याच्या हाती आलं ते लष्करात भरती झाल्यावर, पुण्यात. पुण्याबाहेर स्पर्धा घ्यायची तर सरळ दोन किलोमीटर पाणी मिळतं ते बहुधा धरणातच. आणि धरणाचं पाणी शेतीसाठी आणि पिण्यासाठी अडवलेलं असतं. शर्यतीला ते उसनं मिळतं. प्रकरणाची मुळं इथेच आहेत.

आयोजकांनी क्रीडा व्यवस्थापन शिकणारे दोन इंटर्न आठ आठवड्यांसाठी घेतले होते, एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. एक जण निकाल कक्षात होता: प्रवेशिका, ड्रॉ, सुरुवातीच्या याद्या, निकालपत्रकं. दुसरी पाण्यावर, म्हणजे कोर्सवर होती: बोये (लेन दाखवणारे तरंगते गोळे), नांगर, स्टार्टचे तराफे, लाँचचं डिझेल, बोट धरणाऱ्या मुलांच्या पाळ्या. हे प्रकरण मुख्यतः तिच्या नोंदवहीवरून उभं राहतं.

कोर्स अल्बानो पद्धतीचा होता. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये अल्बानो सरोवरावर ही पद्धत वापरली गेली, म्हणून हे नाव. सहा लेनसाठी लांबीच्या सात दोऱ्या, पाण्याखाली साधारण एक मीटरवर ताणलेल्या. त्यांना दर १२.५ मीटरवर एक बोया, म्हणजे एका दोरीवर १६१ आणि एकूण ११२७. पहिल्या १०० आणि शेवटच्या २५० मीटरचे बोये लाल, बाकीचे पांढरे. लेनची रुंदी १३.५ मीटर, म्हणून कोर्सची रुंदी ८१ मीटर. शून्यापासून २००० पर्यंत दर २५० मीटरवर एक आडवी तार, अशा नऊ तारा. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकेक तरंगतं पिंप आणि पिंपाखाली काँक्रीटचा नांगर. एकूण १८ नांगर. हा आकडा पुढे लागणार आहे.

कोर्स स्पर्धेच्या १२ दिवस आधी टाकून झाला. त्याच वेळी सोनार यंत्राने प्रत्येक लेनच्या मध्यरेषेवर दर २५ मीटरला खोली मोजली. जवळपास सगळीकडे ४ ते ९ मीटर पाणी होतं. अपवाद एकच: काठाकडच्या लेन १ मध्ये १३५० ते १५०० मीटरच्या पट्ट्यात ३.१ मीटर. तिथे धरण होण्याआधीच्या शेताचा जुना बांध बुडालेला आहे. तळ उंचसखल असेल तर उथळात उथळ जागी ३ मीटर पाणी असावं, असं जागतिक मानक आहे. ३.१ म्हणजे पास, म्हणून सगळे पुढच्या कामाला लागले.

अडचण

स्पर्धेआधीच्या शनिवारी सकाळी सहाला कालव्याचा दरवाजा उघडला. उन्हाळी आवर्तन सुरू झालं. आयोजकांच्या अंदाजाप्रमाणे ते जूनच्या पहिल्या आठवड्यात यायचं होतं, पण पिण्याच्या पाण्याच्या मागणीमुळे अलीकडे आलं. यात कुणाची चूक नव्हती. जलसंपदा विभागाच्या परवानगीपत्रात अट स्वच्छ लिहिलेली होती की पाणीपातळीतल्या बदलाला विभाग जबाबदार राहणार नाही. पत्र फाइलला होतं. आयोजकांपैकी कुणी ती अट वाचून आवर्तनाचं वेळापत्रक मागितलं नव्हतं.

विसर्ग ६०० क्युसेक होता, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ घनमीटर आणि दिवसाला १४.७ लाख घनमीटर. त्या दिवसांत पाणफैलाव साधारण ९०० हेक्टर होता. भागाकार केला की दिवसाला १६ सेंटिमीटर येतात. मे महिन्याचं बाष्पीभवन जवळपास एक सेंटिमीटर. म्हणून रोज १७. हे गणित कुणीही पाच मिनिटांत मांडू शकतं. विसर्ग आणि पाणफैलाव हे दोन आकडे शाखा अभियंत्याला एक फोन केला की मिळतात.

इंटर्नने जेटीजवळ सेंटिमीटरच्या खुणा केलेली लाकडी पट्टी रोवली होती, कारण धरणाची मोजपट्टी भिंतीजवळ, सहा किलोमीटर लांब. रोज सकाळी सहाला ती आकडा वाचायची आणि आयोजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची. रविवारी उणे १७. सोमवारी उणे ३४. मंगळवारी ५१, बुधवारी ६८. ग्रुपमध्ये ४३ जण होते. आकड्याच्या वर बॅनरचा फोटो आणि खाली जेवणाच्या कंत्राटदाराचा प्रश्न. बुधवारपर्यंत तिच्या आकड्याला उत्तर म्हणून दोन अंगठे आले.

पातळी उतरली की कोर्सचं तीन ठिकाणी बिघडतं, आणि तिन्हींची जात वेगळी आहे.

पहिली गोष्ट नांगरांची. नांगराचा दोर खोलीपेक्षा थोडा लांब ठेवतात. ६ मीटर खोलीवर ६.३ मीटरचा दोर असेल तर पिंप आपल्या जागेपासून जेमतेम २ मीटर इकडेतिकडे हलतं. पाणी ८५ सेंटिमीटर उतरलं की तोच दोर पिंपाला ३.६ मीटरपर्यंत भटकू देतो. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की अख्खी आडवी तार बाजूला सरकते आणि लेनला पोट येतं. १००० मीटरच्या खांबाशी उभं राहून पाहिलं तर बोयांची रांग धनुष्यासारखी दिसायची.

दुसरी गोष्ट काठाची. जेटीपाशी काठाचा उतार १२ ला १ होता. पाणी ८५ सेंटिमीटर उतरलं म्हणजे काठ १० मीटर मागे गेला. १५ मीटर लांबीच्या तरंगत्या जेटीचा बहुतेक भाग गाळावर टेकला आणि तिरका झाला. गुडघाभर गाळातून आठ जणांनी एट, म्हणजे आठ वल्हेकऱ्यांची बोट, खांद्यावर घेऊन चालणं म्हणजे बोट पडायला निमंत्रण.

तिसरी गोष्ट खोलीची, आणि तिचं गांभीर्य सगळ्यात उशिरा कळलं. उथळ पाण्यात बोट तळाला लागत नसली तरी हळू होते. पाण्यावरच्या लाटेचा वेग खोलीवर ठरतो, आणि बोटीचा वेग त्या मर्यादेजवळ गेला की बोट स्वतःच्याच लाटेवर चढू लागते. ज्युनिअर क्वाड, म्हणजे चार जणांची बोट, साडेसहा मिनिटांत २००० मीटर जाते, म्हणजे सेकंदाला ५.१ मीटर. तिच्यासाठी ही मर्यादा २.६५ मीटर खोलीवर येते. साडेसात मिनिटांच्या सिंगलसाठी २ मीटरवर. बांधावरचं पाणी बुधवारी २.४२ वर आलं होतं. लेन १ मधली क्वाड त्या १५० मीटरमध्ये बाकीच्यांपेक्षा जड चालणार हे उघड होतं. निकालावर वाद झाला असता तर आयोजकांकडे उत्तर नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी मच्छीमार संस्थेतले एक वयस्क सभासद होडी बांधताना इंटर्नला सहज म्हणाले, "ताई, तुमच्या त्या पयल्या पट्ट्यात बांधावर बाभळीचा खुंट हाय. दरसाल आमचं जाळं तिथंच फाटतं."

सोनारला तो का दिसला नाही? यंत्राचा झोत साधारण २० अंशांचा होता. ३ मीटर खोलीवर असा झोत तळाचा जेमतेम एक मीटर रुंद पट्टा पाहतो. लेन १३.५ मीटर रुंद. म्हणजे लेनचा तेरा-चौदावा भाग पाहिला, तोही यंत्र सलग चालू न ठेवता दर २५ मीटरला एक आकडा लिहून. खोली कळायला ही पद्धत पुरते, पण खुंट, विहिरीचा कठडा किंवा पंपाचा पाइप शोधायला नाही. त्यासाठी दोन होड्यांमध्ये दोर ताणून, त्याला वजनं लावून, ठरलेल्या खोलीवरून सगळा पट्टा ओढत नेतात. मच्छीमारांना हे शिकवावं लागत नाही.

गुरुवारी पहाटे साडेपाचला दोन होड्या निघाल्या. दोर दीड मीटर खोल ठेवला होता. साडेआठला तो लेन १ मध्ये १४३० मीटरवर अडकला. खुंट बांधापासून १.२ मीटर उंच, त्याचा शेंडा पाण्याखाली १.०५ मीटर. रविवारी तोच शेंडा साधारण अर्ध्या मीटरवर आला असता. वल्ह्याच्या पात्याखाली मग फारसं अंतर उरत नाही.

विचारात घेतलेले पर्याय

दरवाजा तीन दिवस बंद ठेवायची विनंती करावी, असा सूर आधी निघाला. हा पर्याय चर्चेत फार वेळ राहिला आणि तो राहायला नको होता. आवर्तन कालवा सल्लागार समितीत ठरतं, शाखा अभियंत्याच्या टेबलावर नाही. खाली पिकं उभी, गावांच्या पाणीयोजना रिकाम्या, आणि वर बोटी चालाव्यात म्हणून पाणी अडवा असं मागणारे आपण. अधिकाऱ्याने शांतपणे वेळापत्रक हातात दिलं: १६ दिवस, विसर्ग तोच. खरं तर हा कागद शनिवारीच मिळाला असता.

अख्खा कोर्स दोन लेन खोल पाण्याकडे सरकवणं तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात चांगलं होतं. पण त्यासाठी १८ नांगर उचलून पुन्हा टाकायचे, स्टार्टचे तराफे हलवायचे आणि स्टार्टच्या व फिनिशच्या रेषा नव्याने आखायच्या. लागणारा वेळ अडीच ते तीन दिवस. रविवारी ठरलं असतं तर बुधवारी काम संपलं असतं. गुरुवारी हा पर्याय मेलेला होता.

अंतर कमी करण्यात कमीपणा नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही लाँग बीचला शर्यती १५०० मीटरच्याच ठरल्या आहेत. पण बांध होता १३५० नंतर, म्हणजे स्टार्ट पुढे आणून काही साधणार नव्हतं. फिनिश मागे, १२५० वर आणावी लागली असती. तिथे ना मनोरा, ना वीज, ना फिनिशच्या कॅमेऱ्याला जागा.

खुंट उपटून काढायचा आणि सहा लेन कायम ठेवायच्या, याकडे स्पर्धा संचालकांचा कल होता. पुढे ढकलण्याचा विषय पाच मिनिटांत संपला: संघ आलेले, बोटींचे ट्रेलर उतरलेले, परतीची तिकिटं काढलेली, आणि पुढच्या पंधरवड्यात वळीव.

उरला शेवटचा पर्याय: लेन १ बंद, लेन २ मोकळी राखायची, शर्यती ३ ते ६ मध्ये. याची किंमत वेळापत्रकात मोजावी लागते. १२ पैकी पाच प्रकारांत ९ ते १२ बोटी होत्या, चारांत ७ किंवा ८, तिघांत ५ किंवा ६. सहा लेनवर पहिल्या नऊ प्रकारांच्या दोन-दोन हीट, म्हणजे प्राथमिक फेऱ्या, आणि उरलेल्या तिघांची थेट अंतिम फेरी, म्हणून १८ हीट. चार लेनवर पाच प्रकारांच्या तीन-तीन आणि बाकी सातांच्या दोन-दोन, म्हणून २९. दोन शर्यतींत ८ मिनिटांचं अंतर धरलं तर २ तास २४ मिनिटांचं काम ३ तास ५२ मिनिटांवर जातं. साडेसहाला सुरू केलं तर १० वाजून २२ मिनिटांनी संपतं. वारा साडेदहाच्या आसपास सुटत होता. बसत होतं, पण काठोकाठ.

काय केलं

नांगरांचं काम गुरुवारी पहाटे झालं आणि ते या प्रकरणातलं सगळ्यात नेटकं काम म्हणावं लागेल. दोन लाँच, प्रत्येकी चार माणसं, एका नांगराला २० ते २५ मिनिटं. चार तासांच्या आत १८ नांगर. पाणी ८५ सेंटिमीटर उतरलं होतं, पण दोर १०० सेंटिमीटर आखडले. ६ मीटरच्या जागी आता ५.१५ मीटर पाणी आणि ५.३ मीटर दोर. त्या दिवशी पिंप सव्वा मीटरच हलत होतं आणि रविवारपर्यंत आणखी अर्धा मीटर पाणी गेल्यावरही अडीच मीटरच्या आसपास राहणार होतं. मोजून ८५ च आखडले असते तर शनिवारी पुन्हा पाण्यात उतरावं लागलं असतं. ही सूचना इंटर्नची होती. वहीत तिने चारही दिवसांचा हिशेब मांडून ठेवला होता.

जेटी गुरुवारी १० मीटर पुढे ढकलली. गाळावर बांबूच्या तट्ट्या, त्यांच्यावर वाळूने अर्धी भरलेली पोती, वर काथ्याची चटई. उतार १२ ला १ आणि घट १७ सेंटिमीटर, म्हणजे जेटी रोज २ मीटर पुढे न्यायची. हे काम रोज संध्याकाळी सहाला, बोटी वर घेतल्यावर, असं नेमून दिलं.

खुंटाचं मात्र हसं झालं. अकरा ते तीन, चार तास, काठावरून ट्रॅक्टर आणि १२ मिलिमीटरची तार. तार दोनदा निसटली, तिसऱ्यांदा खुंटाची साल तेवढी सोलून आली. बाभळीचं लाकूड पाण्याखाली लवकर कुजत नाही. शेतात गेलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. त्या चार तासांत संचालक, कोर्स प्रमुख आणि दोन्ही इंटर्न काठावर अडकले. चार वाजता संघ व्यवस्थापकांच्या बैठकीत छापलेला वाहतूक नकाशा वाटला गेला आणि "लेन एकचं रात्री कळवतो" असं सांगितलं.

मुख्य पंच सहाच्या गाडीने पोचले. सव्वाआठला त्यांनी लेन १ आणि २ बंद केल्या. त्यानंतर निकाल कक्षाची रात्र सुरू झाली. नव्या ड्रॉमध्ये चार लेनना १ ते ४ म्हणायचं की ३ ते ६, यावर पहिला गोंधळ. पहिल्या छपाईत १ ते ४ आलं. पण स्टार्टच्या तराफ्यांवरचे फलक, फिनिशच्या मनोऱ्यावरचे आकडे आणि बोटीच्या नाकावर लावायची कार्डं ३ ते ६ च दाखवणार होती. निकाल कक्षातल्या इंटर्नने याद्या रद्द करून सॉफ्टवेअरमध्ये सहा लेनचाच कोर्स ठेवला आणि पहिल्या दोन लेन रिकाम्या सोडल्या. पावणेबाराला २९ हीटच्या याद्या व्यवस्थापकांना गेल्या.

वाहतूक नकाशाला कुणी हात लावला नाही.

शुक्रवारी सकाळी

छापलेल्या नकाशाप्रमाणे स्टार्टकडे जाणाऱ्या बोटींचा मार्ग लेन १ च्या बाहेरून, काठाकडून होता. म्हणजे त्याच बांधावरून, पण बांध जिथे आणखी वर चढतो तिथून. गुरुवारी दोर ओढला होता तो सहा लेनपुरता. सराव मार्गावर ओढलाच नव्हता.

सहा वाजून पाच मिनिटांनी सराव करत निघालेली एक क्वाड १४०० मीटरच्या पुढे दुसऱ्याच खुंटावर गेली. तिथे पाणी दीड मीटर, खुंट १.३ मीटर. शेंडा पाण्याखाली २० सेंटिमीटर. वल्ह्यांना तो लागला नाही, कारण दोन्ही बाजूंची वल्ही त्याच्या बाहेरून गेली. बोटीचं पोट दहा-बारा सेंटिमीटर पाण्यात असतं, त्याखाली बोट सरळ ठेवणारं फिन. फिन मुळातून तुटलं आणि त्याच्या खाचेजवळ पोटाला हातभर तडा गेला. बोट उलटली नाही, कुणाला लागलं नाही. सुरक्षा लाँच तीन मिनिटांत पोचली.

पंचांनी ताबडतोब पाण्यावरची सगळी वाहतूक थांबवली. पुढच्या ४० मिनिटांत जे झालं ते आदल्या रात्री व्हायला हवं होतं. स्टार्टकडे जायचा मार्ग लेन ६ च्या बाहेर, खोल बाजूला नेला. पण जेटी फिनिशजवळ आणि उथळ काठावर, म्हणजे प्रत्येक बोटीला कोर्स ओलांडणं भाग. ओलांडायची जागा फिनिशच्या पलीकडे १५० मीटरवर ठरली. तिथे एक लाँच, लाल आणि हिरवा झेंडा, आणि नियम एवढाच की शेवटची बोट फिनिश ओलांडून थांबल्यावरच हिरवा. वर जाताना एका रांगेत, ओव्हरटेक नाही. शर्यत संपलेल्या बोटी सरळ जेटीकडे. रांगेमुळे वर जायला वेळ जास्त लागणार, म्हणून बोट पाण्यात घालायची वेळ शर्यतीआधी ३० ऐवजी ४५ मिनिटं केली. बांधाच्या दोन्ही टोकांना नारिंगी पिंपं टाकली.

तडा गेलेल्या क्वाडच्या संघाला दुसऱ्या संघाने बोट दिली. रिगर, म्हणजे वल्हं टेकवायचे आधार, त्यांच्या उंचीला लावायला २५ मिनिटं लागली. त्यांची हीट दिवसाच्या क्रमात शेवटी टाकली.

निष्पत्ती

पहिली शर्यत साडेसहाऐवजी ७ वाजून १० मिनिटांनी सुटली. साडेदहापर्यंत २५ हीट झाल्या, मग वारा सुटला आणि लाटांवर पांढरा फेस दिसू लागताच पंचांनी थांबवलं. क्वाडच्या त्या हीटसह राहिलेल्या चार शनिवारी सहा वाजता झाल्या. त्यानंतर शनिवार आणि रविवार वेळापत्रकाबाहेर गेले नाहीत. रविवारची शेवटची अंतिम फेरी दहाच्या आत संपली.

तक्रारी दोन आल्या. चार बोटींच्या अंतिम फेरीमुळे पाचव्या-सहाव्या बोटीला तिच्यात यायची संधी गेली, ही पहिली. ती खरी होती, आणि व्यवस्थापकांना कारण लेखी दिलं गेलं. दुसरी तुटलेल्या क्वाडच्या भरपाईची. ती विम्यावर गेली आणि तिथे पहिला प्रश्न आला: अडथळा आयोजकांना माहीत होता का? लेन १ मधला माहीत होता. सराव मार्गावरचा नव्हता. या दोन वाक्यांमधल्या फरकावर पत्रव्यवहार बराच लांबला.

एक बारीक गोष्ट. शर्यती वाढल्या तशा स्टार्टच्या तराफ्यावर पालथं पडून बोटीचं शेपूट धरणाऱ्या मुलांच्या पाळ्याही वाढल्या. नऊनंतर काळं प्लास्टिक पोटाला भाजतं. इंटर्नने पाळी ४५ मिनिटांवर आणली आणि तराफ्यावर ओली गोणपाटं घातली. तीन दिवसांत एकही मुलगा आजारी पडला नाही.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळं काय करता आलं असतं

रविवारी सकाळी सहाला पट्टी उणे १७ दाखवत होती. बांधावरचं पाणी २.९३ झालं होतं. म्हणजे ज्या मानकावर कोर्स पास केला तो आवर्तनाच्या चोवीस तासांतच नापास झाला होता. आकडा ग्रुपवर होता. पण "आज १७ सेंमी कमी" हा मजकूर वाचून कुणी उठत नाही. "लेन १ मध्ये १४०० ला खोली ३ मीटरच्या खाली गेली, शुक्रवारी २.१ राहील, कोर्स हलवायचा असेल तर आज संध्याकाळपर्यंत ठरवा" हे वाचून उठतो. इंटर्नला पट्टी वाचायला सांगितलं होतं. कोणत्या आकड्याला कुणाला फोन करायचा हे सांगितलं नव्हतं, आणि हा दोष तिचा नाही. कोर्स टाकताना असे उंबरठे कागदावर हवेत: ३ मीटरच्या खाली दोर ओढून तपासणी, २.५ च्या खाली लेन बंद, पिंपाचं भटकणं ३ मीटरच्या वर गेलं की दोर आखडणं. प्रत्येकापुढे एका माणसाचं नाव.

खुंट ओढण्यात गेलेले चार तास ही दुसरी जागा. तिथे लाकडापेक्षा वेळ महाग होता. समजा तो खुंट निघाला असता, तरी बांधावर तो एकटाच आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. जुन्या बांधावर बाभळ एकटी नसते. लेन बंद करायचा अधिकार मुख्य पंच पोचेपर्यंत कुणाकडे, हे आधी ठरलेलं असतं तर सकाळी नऊलाच चार लेनचा निर्णय झाला असता, आणि चारच्या बैठकीत नवा नकाशा वाटता आला असता.

तिसरी जागा रात्री सव्वाआठची. लेन बंद करणं हा एक निर्णय वाटतो, पण त्याला शेपट्या असतात: ड्रॉ, आकड्यांची कार्डं, फिनिशचा कॅमेरा, स्टार्टची पाळी, सुरक्षा लाँचच्या जागा, आणि वाहतूक नकाशा. त्या रात्री पहिल्या पाचांकडे लक्ष गेलं, कारण त्यांच्याशिवाय शर्यत सुटतच नाही. नकाशा जुना असला तरी शर्यत सुटते, म्हणून तो राहिला. कोर्सच्या इंटर्नच्या वहीत गुरुवारच्या पानावर, नांगरांच्या हिशेबाखाली, पेन्सिलने दोन शब्द आहेत: "सराव मार्ग?" तिने ते बोलून दाखवलं नाही. बैठकीत सात ज्येष्ठ माणसं होती आणि तिला बोलवलं होतं ते आकडे सांगायला. पुढच्या स्पर्धेसाठी आयोजकांनी बैठकीच्या शेवटी पाच मिनिटं राखली आहेत, त्यात सगळ्यात कनिष्ठ माणूस आधी बोलतो. याचा उपयोग किती होतो ते दिसेल. नुसती पाच मिनिटं दिल्याने माणूस बोलतोच असं नाही.

मच्छीमारांना कोर्स टाकायच्या आधीच विचारायला हवं होतं. आयोजकांनी त्यांच्याशी बोलणी केली होती ती फक्त तीन दिवस जाळी न टाकण्याबद्दल. तळाबद्दल कुणी विचारलं नाही, आणि न विचारता ते सांगतील कशाला?

स्पर्धेनंतर

बोये आणि तारा सोमवार-मंगळवारी काढल्या. इंटर्नचं शेवटचं काम होतं पुढच्या वर्षीसाठी कोर्सची फाइल तयार करणं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आवर्तन संपलं तेव्हा काठाकडचा बांध पूर्ण उघडा पडला होता आणि गावातल्या एकाने त्याच्या कडेने गाळपेर करायला बैल घातले होते. ती मोबाइलवर जागा नोंदवत बांधावरून चालत गेली. सराव मार्गाच्या पट्ट्यात बाभळीचे खुंट निघाले पाच. सहावा लेन १ च्या जागी, अजून पाण्यात, पाऊण मीटर वर आलेला, साल सोललेला.